कूलर नसलेली खोली

आमच्या कारखान्यात टेस्टिंगची एक खोली आहे. वर पत्रे, पश्चिमेची भिंत दुपारभर तापणारी, एकच दार. त्या खोलीत पंखा नाही, कूलरही नाही. दारावर पिवळ्या रंगात लिहिलं आहे, 'आत कूलर लावू नये.' अमरावतीच्या मे महिन्यात अशी खोली म्हणजे शिक्षाच. नवीन लागलेली मुलं पहिल्या उन्हाळ्यात हमखास विचारतात, "सर, हे असं काहून?" मी सांगतो, "जुना नियम आहे." आणि विषय बदलतो.

नियम तायडे मॅडमचा. मागच्या महिन्यात मॅडम अकोल्यात वारल्या. निरोप आला त्या दिवशी आमचे मालक ढोले भाऊ यांनी जेवणाच्या सुटीत सगळ्यांना अंगणात उभं केलं. दोन मिनिटं शांतता झाली. मग खुर्चीत बसता बसता भाऊ म्हणाले, "बाई हुशार होती राजेहो. त्या एका टेस्टमध्ये चुकली, नाहीतं आज इथंच असती." आणि माझ्याकडे पाहिलं, कारण मॅडमसोबत काम केलेला आता मीच एक उरलो आहे.

मी मान हलवली. 'हो' म्हणतात तशी.

त्या मान हलवण्यापायी हे लिहायला बसलो आहे. मॅडम चुकल्या नव्हत्या. त्यांना चुकायला लावलं गेलं, आणि ते मी केलं.

पण माझ्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. मॅडमबद्दल आहे.

आम्ही विजेच्या पेट्या बनवतो. दालमिल, जिनिंग, शीतगृह अशा ठिकाणी लाइन गेली की जनरेटर आपोआप सुरू करायचा, सगळा भार त्याच्यावर टाकायचा, लाइन आली की परत लाइनवर आणायचा, आणि मधल्या काळात व्होल्टेज, करंट, तापमान मोजत राहायचं, हे त्या पेटीचं काम. हे सगळं करणारा मेंदू म्हणजे आत बसवलेला तळहाताएवढा बोर्ड. मोजणंही त्यानंच करायचं आणि हुकूमही त्यानंच द्यायचा. तो बोर्ड कोणता घ्यायचा, हे एकदा ठरलं की पुढची कितीतरी वर्षं त्याच्यासोबत काढावी लागतात. सोयरीक जुळवण्यासारखंच ते. मॅडम तर बोर्डांबद्दल बोलायच्याही तशाच.

त्या मुलाखतीला आल्या तेव्हा ढोले भाऊंनी त्यांना मोठ्या हौसेनं आमची नवी पेटी दाखवली. सगळे दिवे लागलेले, आकडे पळत होते. भाऊ सांगत होते, हे असं आहे, ते तसं आहे. मॅडमनी हातातली पर्स टेबलावर ठेवली, वाकून खालचा प्लग धरला आणि ओढून काढला.

"अव मॅडम!" भाऊ ओरडले.

"थांबा जरा," मॅडम म्हणाल्या. "आता पाहू, उठते का."

प्लग परत लावला. पेटी उठली. पुन्हा काढला, पुन्हा लावला. चौथ्या-पाचव्या खेपेला पेटी अर्धवट उठली आणि तशीच राहिली. एक दिवा लुकलुकत होता, बाकी गप्प.

"हे झोपलं," मॅडम म्हणाल्या. "झोपू द्या. पन झोपताना हात कुठं ठेवला यानं? जनरेटरचं बटन दाबून झोपलं का सोडून झोपलं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ती पेटी मी बनवली होती. मला माहीत नव्हतं.

"पडायचं तं सगळ्यालेच आहे," त्या म्हणाल्या. "पडला तं कोन्या बाजूनं पडते, येवढं माहीत पाह्यजे."

भाऊंनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं. टेस्टिंग विभाग त्यांच्या हवाली केला.

हा प्रश्न त्यांच्याकडे कुठून आला ते पुढे कळलं. त्यांचे वडील वीज खात्यात लाइनमन होते. एकदा लाइन बंद करून खांबावर चढले असताना कुणाच्या तरी खाजगी जनरेटरची वीज उलटी तारेत आली. जीव वाचला, उजवा हात कोपरापासून कामातून गेला. त्यानंतरही ते नोकरीत राहिले, खाली उभं राहून दुसऱ्यांना चढवायचे. "बापू कोनाच्याच शब्दावर लाइन बंद आहे असं मानत नव्हते," मॅडम सांगायच्या. "सायबानं सांगू दे नाहीतं मंत्र्यानं. आधी अर्थिंग टाक, मंग हात लाव." पेटीतला बोर्ड बिघडला तर खांबावरच्या माणसाचं काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. आम्ही बाकीचे गिऱ्हाइकाचा विचार करायचो.

मॅडम साध्याभोळ्या होत्या असं कुणी समजू नये. जीभ तिखट होती आणि मान ताठ. स्टोअरवाला एकदा त्यांच्या बोलण्यानं डोळे पुसत बाहेर आला होता. दुसऱ्या कुणाच्या सोल्डरिंगची स्तुती केली की त्या दिवशी डबा एकट्याच खायच्या. एरवी डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा समोरच्याच्या ताटात गेलाच पाहिजे. राजापेठेत खोली घेऊन राहत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पुढे. शनिवारी संध्याकाळी अकोल्याच्या बसमध्ये बसायच्या, कारण आई तिथे एकटी. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "टेस्टिंगमध्ये कोनी पासच नाही झाला, काय करू?"

अकोला आणि अमरावती यांच्यात कुठलं ऊन जास्त, यावर त्या कुणाशीही भांडायला तयार असत. "तुमच्या अमरावतीचं ऊन म्हंजे नुसता उजेड," त्या म्हणायच्या. "ऊन पाहाचं असन तं अकोल्याले या." फक्त गिलावड्याच्या बाबतीत त्या अमरावतीपुढे हार मानत. म्हणायच्या, "नोकरी तं एक बहाना आहे, मी या वड्यासाठी राहिली इथं."

बोर्डाबद्दल 'चालते' हा शब्द त्या कधीच वापरत नसत. विचारलं, "मॅडम, तो बोर्ड चालतोय ना?" तर उत्तर यायचं, "अजून मेला नाही." बोर्ड तापला का हे पाहायला तापमापक असायचा, पण त्याआधी त्या उलटा हात लावायच्या, लेकराच्या कपाळाला लावतात तसा. आणि बहुतेक वेळा तापमापक पाहण्याआधी आकडा सांगायच्या.

टेस्टिंगच्या खोलीत आधी कूलर होता. मॅडमनी पहिल्याच उन्हाळ्यात तो ढकलत व्हरांड्यात नेला.

भाऊ म्हणाले, "मॅडम, मानसं मरतीन ना आत."

"मानसं बाहीर येऊन बसतीन भाऊ. पेटी शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये बसनार आहे. तिथं तिच्यासाठी कोन कूलर लावून राहिलं? बोर्डाच्या खोलीत कूलर नाही."

स्वतः त्या आत बसायच्या. सुती दुपट्टा बादलीत बुडवायचा, पिळायचा, डोक्यावरून घ्यायचा आणि दार लावून घ्यायचं. अर्ध्या तासात दुपट्टा कडक. पुन्हा बादली. आम्ही व्हरांड्यात त्या हद्दपार कूलरसमोर बसून चहा प्यायचो आणि हसायचो.

याखेरीज एक परीक्षा त्यांच्या अकोल्याच्या गच्चीवर व्हायची. उन्हाळ्यात आई गच्चीवर साड्या अंथरून कुरडया घालायची. त्याच साड्यांच्या कडेला मॅडम एक काळी पत्र्याची डबी ठेवायच्या, आत बोर्ड, खालून वायर गेलेली. शेजारच्या बाया कठड्यावरून विचारायच्या, "काय वाळू घातलं व बाई?"

"पोट्टं आहे," मॅडम सांगायच्या. "उन्हाळा दाखवून राहिली त्याले. जगलं तं नोकरीले लावीन."

अशा कितीतरी बोर्डांतून त्यांनी एक निवडला होता. दिसायला अगदी कुरूप. हिरवी पाटी, ठसठशीत स्क्रू, ना पडदा ना रंग. पण त्याच्यावर एक वेगळा राखणदार होता, नखाएवढी चिप. बोर्ड क्षणभर गप्प बसला की राखणदार आधी सगळे रिले, म्हणजे दाबून धरलेली बटणं, सोडवायचा आणि मग बोर्डाला कान धरून उठवायचा. म्हणजे पडला तरी हात सोडून पडणार. मॅडम त्याला 'शिपाई' म्हणायच्या. त्याच्यासाठी त्यांनी दोन वर्षं खपून प्रोग्राम लिहिला होता.

आणि मी आणला तो दुसरा. त्याला त्यांनी पाहताक्षणी नाव ठेवलं, 'नवरदेव'.

तो म्हणजे एक छोटा संगणकच होता. किमतीला स्वस्त, रंगीत पडदा लावता येणारा, सरळ मोबाइलशी बोलणारा. गिऱ्हाइकं तेव्हा हेच मागत होती. घरी बसून फोनवर सगळं दिसलं पाहिजे. मी रात्रंदिवस खपून त्याचा मोबाइलवरचा पडदा तयार केला होता. हिरवे गोल, लाल गोल, हलणारे काटे. इतक्या वर्षांत कारखान्यात माझ्या एखाद्या गोष्टीला पहिल्यांदाच लोक 'वा' म्हणाले होते. भाऊ तर येईल त्याला फोन काढून दाखवायचे. मला तो जिंकायला हवा होता. हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही.

मॅडम म्हणाल्या, "नटलेला चांगला आहे. पन हा उन्हात चक्कर येऊन पडन. आनि पडन तेव्हा हात कुठं अडकन, देवाले माहीत."

भाऊ म्हणाले, "मॅडम, शिपाई महाग आहे आनि मुका आहे. राऊत, तुमचं काय म्हननं?"

मी म्हटलं, "टेस्ट घेऊ. दोन्ही बोर्ड मे महिन्यात खोलीत ठेवू. जगेल तो लावू."

"मंजूर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला. "टेस्ट काय म्हंते ते. मी काय म्हंते ते नाही, आनि राऊत साहेब काय म्हंतात तेही नाही."

त्यांचं सगळं त्या एका वाक्यात होतं. स्वतःच्या मतापेक्षा त्यांना टेस्ट मोठी वाटायची. मला हे माहीत होतं, म्हणून पुढे जे झालं ते जास्त वाईट.

दोन्ही बोर्ड बंद पेट्यांत घालून खोलीत मांडले. दार बंद. रोज दुपारी लाइन काढायची, लावायची, भार बदलतो का पाहायचं. मॅडम दुपट्टा घेऊन आत बसायला लागल्या. आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून फोन आला, आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. मॅडम तशाच निघाल्या. फाटकातून वळून म्हणाल्या, "कूलर नाही हं राऊत साहेब. दार बंद. तुमी पाहून बाहीर येत जा, आत मरू नोका."

त्या दुपारी मी आत गेलो तेव्हा नवरदेव अडखळला. मोबाइलवरचे काटे थांबले. मी लाइन काढली, त्यानं काही केलं नाही. बऱ्याच वेळानं जागा झाला. शिपाई शेजारी निमूट काम करत होता. मी घाम पुसत उभा राहिलो आणि मनात म्हणालो, आज जरा जास्तच तापलंय, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरचे दोघे दालमिलवाले भाऊ आले. ढोले भाऊ नागपूरला होते, त्यांनी फोनवर सांगितलं, पाहुण्यांना टेस्टिंग दाखवा. दोघंही धिप्पाड, गळ्यात दुपट्टे, उन्हातून आलेले. आत आल्या आल्या थोरला म्हणाला, "बाप रे! राऊत साहेब, भाजून खाता का आमाले?"

आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग कूलर त्याच्याकडे वळवायचा, मग बोलणं. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. मी व्हरांड्यातला कूलर ढकलत आत आणला, पाणी भरलं, लावला आणि त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या मागे बाकावर दोन्ही पेट्या होत्या.

नवरदेव झकास चालला. काटे लवलव हलत होते. दोघे भाऊ खूष होऊन गेले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आलो. कूलरच्या बटणावर हात ठेवला. आदल्या दिवशीचे थांबलेले काटे डोळ्यांपुढे होते. इथपर्यंत जे झालं ते पाहुण्यांसाठी होतं, असं कुणालाही सांगता आलं असतं.

मी हात काढून घेतला. कूलर चालूच ठेवला. त्या दिवशी, आणि टेस्ट संपेपर्यंत रोज. सकाळी पाणीही मीच भरायचो. शेवटी रिपोर्टवर लिहिलं, दोन्ही पास.

मॅडम आल्या तेव्हा कूलर पुन्हा व्हरांड्यात होता. त्या खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या. नाक वर केलं.

"ओल्या गवताचा वास येऊन राहिला. कूलर लावला होता?"

"पाहुणे आले होते," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी थोडा वेळ."

"थोडा वेळ म्हंजे?"

"थोडाच. ते होते तोवर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. "पाहुन्याले तं लावाच लागते." नवरदेवाला उलटा हात लावून म्हणाल्या, "जगला म्हनाचा. मानलं बावा तुले."

जो माणूस कुणाच्याच शब्दावर तारेला हात लावत नव्हता, त्याच्या लेकीनं माझ्या शब्दावर हात ठेवला.

त्यांनी पुन्हा टेस्ट मागितली असती तर मी सुटलो असतो. पण नाही मागितली. आईचं ऑपरेशन, दर दोन दिवसांनी अकोल्याची फेरी, त्यात भाऊंची घाई. आणि टेस्ट काय म्हणते ते, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी शिपायाला जुन्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि पावसाळाभर नवरदेवासाठी सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. नाराजीनं नाही, मनापासून. माझ्या पडद्यातल्या चुकासुद्धा काढून दिल्या.

एकदा चहा पिताना म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला राऊत साहेब. आधी नव्हता चुकत. हात लावला की समजे. आता वय झालं वाटते."

मी म्हटलं, "तसं काही नाही मॅडम."

त्यानंतर त्या मला विचारायला लागल्या. "तुमाले काय वाटते? हे ठेवू का ते?" आयुष्यात कुणाला न विचारणारी बाई. बोर्डाला उलटा हात लावायच्या आणि आकडा सांगण्याआधी थांबायच्या, गुपचूप तापमापक पाहून घ्यायच्या. मला ते दिसायचं. मी दुसरीकडे पाहायचो. मी जे केलं त्यातलं सगळ्यात वाईट हे, असं मला अजूनही वाटतं. शीतगृहात झालं त्याच्याहूनही.

शीतगृहात झालं ते असं. अंजनगाव सुर्जीकडे गावंडे काकांचं केळी पिकवण्याचं शीतगृह आहे. तिथे आमची नवरदेववाली पेटी बसली, पत्र्याच्या शेडमध्ये. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली, भार जनरेटरवर गेला, आणि तिथेच बोर्डाला चक्कर आली. लाइन परत आली, पण त्याचा हात जनरेटरवरच अडकलेला. डिझेल संपलं, जनरेटर बंद पडला. बाहेर तारेत वीज, आत अंधार आणि उकाडा. काका एका लग्नाला वलगावला गेले होते. ते फोनवर पाहत होते आणि निश्चिंत होते, कारण माझ्या पडद्यावर शेवटचं चित्र तसंच थांबलं होतं. सगळे गोल हिरवे.

मॅडमना शीतगृहातून फोन आला तेव्हा मी समोर होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाइनवर कोनी चढलेलं होतं का?" पलीकडून नाही म्हटल्यावर त्या खाली बसल्या. जनरेटरची वीज बाहेर जाऊ नये म्हणून पेटीत लोखंडी अडसर असतो, तो शाबूत होता. माणूस कुणी जखमी झाला नाही. पण आसपासच्या कितीतरी लोकांचा माल त्या खोल्यांत काळा पडला.

दुसऱ्या दिवशी भाऊ, मॅडम आणि मी तिथे गेलो. केळ्यांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येत होता. काकांनी फोन पुढे धरला. "हे पाहा. मोबाइलवर तं सगळं हिरवंगार दिसून राहिलं होतं. हे बनवलं कोनं?"

मी जमिनीकडे पाहत होतो.

"टेस्टिंग माझं आहे काका," मॅडम म्हणाल्या. "मी गावाहून आल्यावर परत एकदा टेस्ट घ्याले पाह्यजे होती. नाही घेतली. चूक माझी."

"मॅडम, तुमच्यासारख्या मानसानं असं करावं?"

"हो ना," त्या म्हणाल्या.

मी शेजारी उभा होतो. दोघांमध्ये हातभर अंतर नव्हतं.

गाडीनं परत निघालो. अमरावती आल्यावर भाऊ हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आईची तब्येत, तुमची धावपय. तुमी थोडे दिवस आराम करा. टेस्टिंग सध्या राऊत पाहातीन." मॅडमना इशारा कळला. आठवड्याभरात त्यांनी राजापेठेतली खोली रिकामी केली. जाताना मला म्हणाल्या, "शिपाई आनि एक नवरदेव घेऊन जाते. भाऊले विचारलं आहे."

नवतपा लागला. वर्षातले सगळ्यात कडक दिवस. भर दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात गच्चीवरचा वारा होता.

"राऊत साहेब, एक विचारू? हा नवरदेव इथं रोज दुपारी झोपून राहिला. एक दिवस नाही चुकला. शिपाई जागाच आहे. तुमच्या खोलीत हा इतके दिवस कसा जागला?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "मी येतो मॅडम."

रविवारी बसनं अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो, नंतर सोडून दिलं. मॅडमचं घर एका अरुंद गल्लीत, दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा. त्यांनीच दार उघडलं. मी आत न जाता उंबऱ्याबाहेरच सांगून टाकलं. "मॅडम, कूलर थोडा वेळ नव्हता. सगळे दिवस होता. नवरदेव आधीच अडखळला होता. मी पाहिलं होतं."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. स्टोअरवाल्याला मिळाल्या होत्या तशा. त्याहून जास्त.

त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आत वळून ओरडल्या, "आई! मी येडी नाही झाली व! माह्या हाताले बरोबर समजलं होतं!"

आतून म्हातारीनं काहीतरी विचारलं.

"काही नाही व, आमचे राऊत साहेब आले." मग माझ्याकडे वळून, अजून हसतच, "मले वाटलं माझं डोकं गेलं राजेहो. वर्षभर मी सोताच्या हातावर भरोसा नव्हती करत. तुमाले नाही समजनार."

मला समजत होतं.

मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. दाराची कडी उगाच खालीवर करत त्या म्हणाल्या, "भाऊले सांगान ना? बाकी काही नोको. मी काही परत येत नाही, आईले सोडून कुठं येऊ. फक्त येवढं सांगा, मॅडमचा अंदाज बरोबर होता."

मी म्हटलं, "सांगतो."

सोमवारी भाऊ सगळ्या पेट्यांतले नवरदेव काढून शिपाई बसवण्याच्या धावपळीत होते, चिडलेले होते. आज नको, असं मी ठरवलं. मग पावसाळा आला. मग टेस्टिंग माझ्याकडे कायमचं आलं. मी खोलीच्या दारावर पिवळ्या रंगात तो नियम लिहिला आणि स्वतःची समजूत घातली की हेही सांगण्यासारखंच आहे. मॅडम अकोल्यातच एका कॉलेजात शिकवायला लागल्या. दिवाळीला त्यांचा फोन यायचा, त्यांच्या आईची, माझ्या पोरांची चौकशी व्हायची. भाऊंना सांगितलं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी सांगतो म्हटलं होतं, म्हणजे सांगितलं असणार, असंच त्या धरून चालल्या असतील.

उद्या हे कागद भाऊंच्या टेबलावर ठेवणार आहे. पण ज्या कानांनी ते ऐकायला हवं होतं ते आता नाहीत.

त्या रविवारनंतर मी मॅडमना प्रत्यक्ष पाहिलं नाही. म्हणून ती दुपार पुन्हापुन्हा दिसते. मी उंबऱ्यातच घुटमळत होतो. त्यांनी मला हात धरून आत ओढल्यासारखं आणलं, खुर्ची पुसली, माठातलं पाणी दिलं. मग कोपऱ्यातला जो कूलर म्हाताऱ्या आईच्या खाटेकडे होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी फिरवला आणि माझ्याकडे वळवला.

"नको मॅडम, आईंना असू द्या."

"बसा हो. पाहुने आहा तुमी. आईले सवय आहे." खाटेवरची म्हातारी हसून म्हणाली, "बसा बापा, लय दुरून आले."

"मी वर पोट्ट्याइले पाहून येते," मॅडम म्हणाल्या. "याच वेळेले झोपते थो नवरदेव."

त्यांनी बादलीत दुपट्टा बुडवला, पिळला, डोक्यावरून घेतला. उघड्या दारातून गच्चीचा लोखंडी जिना दिसत होता. त्या चढू लागल्या. कठडा तापलेला होता, हात लावला आणि चटकन मागे घेतला, मग दुपट्ट्याचं टोक हाताला गुंडाळून चढत राहिल्या. वरच्या पायरीवर ऊन इतकं पांढरं होतं की त्या त्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं वरून त्यांचा आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखा, तापमापक न पाहता सांगितलेला आकडा.

खाली माझ्या तोंडावर गार वारा येत होता. खाटेवरची म्हातारी पदरानं गळा पुसत होती. उठून कूलर तिच्याकडे वळवायला एक क्षण लागला असता.

मी बसून राहिलो.